पहिल्याच पावसात पहिला नंबर

शाळेत नव्यानं नाव घातलेला मुलगा पहिल्याच परीक्षेत पहिला आला, तर वर्गात काय होतं हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. जुने हुशार विद्यार्थी चपापतात, मागच्या बाकावरची मुलं खूश होतात आणि मास्तर पुन्हा एकदा गुणांची बेरीज करून बघतात. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेतही असाच प्रसंग कधीतरी येतो. तिथे संघांच्या श्रेण्या असतात. खालच्या श्रेणीत चांगला खेळ केला की वरच्या श्रेणीत बढती मिळते. बढती मिळालेल्या संघाकडून कुणाची फार अपेक्षा नसते. वर्षभर वरच्या वर्गात टिकून राहिला, खाली ढकलला गेला नाही, म्हणजे पुष्कळ झालं. बाद फेरीच्या स्पर्धेत एखादा दुबळा संघ नशिबाच्या जोरावर पुढे जाऊ शकतो, कारण तिथे एका दिवसाचा खेळ असतो. साखळीत मात्र प्रत्येकाशी खेळावं लागतं, ऊन असताना आणि चिखल असताना, अंगात जोर असताना आणि पाय सुजलेले असताना. तिथे नशीब फार दिवस पुरत नाही.

म्हणूनच १९३४ साली कलकत्त्यात जे घडलं, ते मला आपल्या देशाच्या क्रीडा-इतिहासातलं एक मोठं आश्चर्य वाटतं. त्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग हा संघ कलकत्ता फुटबॉल लीगच्या प्रथम श्रेणीत नुकताच बढती मिळून आला होता. हंगाम संपला तेव्हा तो अजिंक्य ठरला होता. या स्पर्धेला १८९८ साली सुरुवात झाली होती. तेव्हापासूनच्या छत्तीस वर्षांत एकाही भारतीय संघाला प्रथम श्रेणीचं अजिंक्यपद मिळालेलं नव्हतं. मोहन बागानसारख्या नामवंत संघाला नाही, ईस्ट बंगालला नाही. ते मिळवलं कालपर्यंत खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या एका क्लबनं.

या गोष्टीचं मोल समजायचं तर त्या काळचं कलकत्त्याचं मैदान डोळ्यांसमोर आणावं लागेल. एका बाजूला फोर्ट विल्यमचा किल्ला, दुसऱ्या बाजूला चौरंगीचा रस्ता, आणि मध्ये पसरलेलं विस्तीर्ण हिरवं मैदान. त्यावर ठिकठिकाणी क्लबांचे तंबू आणि लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्या. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत, ते झाडांवर चढत, किल्ल्याजवळच्या चढावर उभे राहत. पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून पुढच्या माणसाच्या डोक्यावरून खेळ पाहण्याची युक्तीही त्या गर्दीनं शोधून काढली होती. हे मैदान लोकांचं होतं, पण त्याच्यावरची स्पर्धा लोकांची नव्हती. साखळी सुरू झाली तेव्हा ती गोऱ्या पलटणी आणि युरोपियनांचे क्लब यांच्यापुरतीच होती. मोहन बागानला दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला तो १९१४ साली, आणि पहिल्या श्रेणीत १९१५ साली. त्यानंतरही प्रथम श्रेणीत दोनांपेक्षा जास्त भारतीय संघ नकोत, असा दंडक होता. ईस्ट बंगालला १९२५ साली वर येण्यासाठी त्या दंडकाशी भांडावं लागलं.

भारतीय संघांनी गोऱ्यांना हरवलंच नव्हतं असं नाही. २९ जुलै १९११ या दिवशी मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक असं हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या संघातले दहा खेळाडू अनवाणी खेळले. अकरावे, सुधीर चॅटर्जी, हे ख्रिस्ती होते आणि त्यांच्या पायांत बूट होते. त्या विजयानंतर कलकत्त्यातल्या मुसलमान क्लबाची माणसं आपल्या हिंदू बांधवांच्या यशानं बेहोश होऊन आनंदानं जमिनीवर लोळली, अशा अर्थाची नोंद 'द मुसलमान' या पत्रानं केली होती. ही नोंद आपण लक्षात ठेवूया, कारण पुढच्या गोष्टीत ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

परंतु शील्ड ही बाद फेरीची स्पर्धा. साखळीचं अजिंक्यपद हाती येत नव्हतं. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीमुळे हंगाम अर्धवटच राहिला. त्यानंतर १९३१, १९३२ आणि १९३३ अशी सलग तीन वर्षं डरहॅम लाइट इन्फन्ट्री या पलटणीनं साखळी जिंकली. १९३४ च्या उन्हाळ्यात कुणी विचारलं असतं, की यंदा भारतीय संघ जिंकेल का, तर जाणकारांनी मोहन बागानचं किंवा ईस्ट बंगालचं नाव घेतलं असतं. मोहमेडनचं नाव कुणाच्या ओठांवर आलं नसतं.

कोण होता हा संघ? क्लबला हे नाव मिळालं १८९१ साली. त्याआधी जुबिली, क्रेसेंट, हमीदिया अशा नावांनी काही छोट्या क्लबांची जोडणी-तोडणी झाली होती. कलकत्त्यातल्या मुसलमानांचा हा क्लब. पण 'कलकत्त्यातले मुसलमान' म्हणजे काही एकजिनसी माणसं नव्हेत. त्यांत नवाबी घराण्यांतले उर्दू बोलणारे होते, पूर्व बंगालच्या खेड्यांतून आलेले बंगाली बोलणारे होते. गोदीतले खलाशी होते, बिहारकडून आलेले मजूर होते. मटियाबुर्जचे शिंपी होते. हे मटियाबुर्ज म्हणजे अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह जिथे आपलं लखनौ घेऊन राहिला, ती हुगळीकाठची वस्ती. या सगळ्यांना एकत्र उभं करील अशी जागा शहरात फार थोडी होती. क्लब होता, पण क्लबाला नाव नव्हतं. वर्षानुवर्षं तो खालच्या श्रेणीत खेळत राहिला.

आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉल पाहिलेल्यांना हे नातं समजावून सांगावं लागणार नाही. तिथे पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला, की बाजारपेठेत गिऱ्हाईक कमी आणि शाहू स्टेडियमवर गर्दी जास्त. संघ पेठेचा असतो. संघ हरला तर त्या रात्री पेठेतल्या घराघरात चूल पेटते, पण जेवण जात नाही. मोहमेडनची 'पेठ' एक गल्ली नव्हती, अख्ख्या शहरात विखुरलेली होती, एवढाच फरक.

तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लबच्या कारभाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते १९३४ चं यश या दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट अशी, की खेळाडू शोधायला ते कलकत्त्याबाहेर पडले. तोपर्यंत बंगालमधले क्लब साधारणपणे बंगालमधलेच खेळाडू घेत. मोहमेडननं बंगळूर, क्वेट्टा, पेशावर अशा दूरच्या शहरांतून माणसं आणली. त्यांच्या राहण्याची, जेवणाखाणाची, नोकरीची सोय पाहिली. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. आज कोल्हापूरच्या तालमीतसुद्धा परदेशी खेळाडू दिसतो. त्या काळी मात्र हे नवल होतं. नावानं एका जमातीचा असलेला हा क्लब प्रांताच्या बाबतीत सगळ्यांत मोकळा निघाला. पठाण, कानडी मुलखातला, बिहारी आणि बंगाली असे गडी एका रंगाचा काळा-पांढरा सदरा घालून एकत्र खेळू लागले. ते एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत असतील, याचं मला कवी म्हणून फार कुतूहल आहे. बहुधा मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत. आणि जिथे तीही अपुरी पडली, तिथे चेंडूच्या भाषेत.

दुसरी गोष्ट बुटांची. ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कलकत्त्याची साखळी मे महिन्यात सुरू होई आणि भर पावसाळ्यात संपे. सुरुवातीला जमीन कोरडी, टणक. तिच्यावर अनवाणी खेळाडू चपळ ठरतो. पायाच्या बोटांनी चेंडू जसा वळवता येतो, तसा चामड्याच्या टाचेनं वळवता येत नाही. म्हणून हंगामाच्या आरंभी भारतीय संघ गोऱ्यांना दमवत. पण जून-जुलैत आभाळ फाटलं, की मैदानाचा चिखल होई. अनवाणी पाऊल घसरायला लागे. बूट घातलेला गोरा सोल्जर मात्र पाय रोवून उभा राही, आणि त्याच्या बुटाखाली उघडी बोटं सापडली तर पुढचे दोन सामने तो खेळाडू बाहेर. म्हणजे उन्हात मिळवलेले गुण पावसात वाहून जात. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. अनवाणी खेळण्याला तोवर एक अभिमानही चिकटला होता. १९११ साली उघड्या पायांनी बुटांना हरवलं होतं ना! अशा वेळी बूट घाला असं म्हणणं सोपं नव्हतं. क्लबचे एक धडपडे कारभारी सी. ए. अझीझ यांनी ते म्हटलं. पाऊस झाला, मैदान ओलं झालं, की बूट घालून खेळायचं. त्यासाठी सराव करायचा. कोरड्या जमिनीवर पाहिजे तर उघड्या पायांनी खेळा. अभिमान जपायचा की सामना जिंकायचा, या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

त्या संघातल्या दोन माणसांविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एक सय्यद अब्दुस समद. लोक त्यांना फुटबॉलचे जादूगार म्हणत. जन्म १८९५ चा, पूर्णियाकडचा. म्हणजे १९३४ साली ते चाळिशीकडे झुकलेले होते. रेल्वेच्या संघातून खेळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांच्याविषयी एक दंतकथा बंगालमध्ये अजून सांगतात. परदेशातल्या एका सामन्यात त्यांचा फटका गोलच्या आडव्या दांडीला लागून परत आला. समद पंचांना म्हणाले, माझा अंदाज चुकत नाही, तुमची दांडी खाली आहे. मोजलं, तर दांडी खरोखरच खाली निघाली. ही गोष्ट खरी असेल किंवा नसेल. पण ज्या देशात सगळी मापं परक्यांच्या हातात होती, तिथे आपल्या माणसाचा अंदाज बरोबर आणि त्यांचं माप चूक, ही गोष्ट लोकांना का आवडली असेल, हे समजायला कठीण नाही.

दुसरा मोहम्मद सलीम. हा मटियाबुर्जचा पोरगा. १९३४ पासून मोहमेडनकडून खेळला. १९३६ साली तो आपल्या एका नातेवाइकाच्या आग्रहावरून बोटीनं थेट स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक या नामांकित क्लबाच्या दारात उभा राहिला. मी अनवाणी खेळतो, म्हणाला. सेल्टिकचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी यांनी त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या आणि त्याला मैदानात उतरवलं. दोन सामने तो खेळला. स्कॉटिश वृत्तपत्रांनी त्याचं कौतुक केलं. पण त्याला घरची आठवण यायला लागली. क्लबानं राहा म्हटलं, तरी तो परत आला. युरोपातल्या मोठ्या क्लबाकडून खेळलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव आज घेतलं जातं. मला मात्र त्याचं परत येणं जास्त आपलं वाटतं.

तर असा हा संघ १९३४ च्या पावसाळ्यात अजिंक्य झाला. छत्तीस वर्षांची कोंडी फुटली. कलकत्त्याच्या मुसलमान वस्त्यांत आनंदाला पारावार राहिला नाही. गल्लीबोळांत मिठाई वाटली गेली. काझी नझरुल इस्लाम यांच्यासारख्या कवीनं मोहमेडनच्या यशावर कविता लिहिली. कवीनं फुटबॉलवर लिहावं यात मला काही कमीपणा वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी हजारो माणसं एकाच क्षणी श्वास रोखतात, ती गोष्ट कवितेची नाही असं कोण म्हणेल?

हे यश एका हंगामापुरतं राहिलं नाही, म्हणजे तो योगायोग नव्हता. १९३५, १९३६, १९३७, १९३८. सलग पाच वर्षं साखळीचं अजिंक्यपद मोहमेडनकडेच राहिलं. १९३६ साली त्यांनी आय.एफ.ए. शील्डही जिंकली, आणि मोहन बागाननंतर शील्ड जिंकणारा तो दुसरा भारतीय संघ ठरला. हाफिज रशीद, रहीम, रहमत, जुम्मा खान, नूर मोहम्मद, मासूम, गोलरक्षक उस्मान ही नावं त्या दिवसांत बंगालच्या घराघरात पोहोचली.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. १९३४ चा विजय कुणाचा?

त्या वर्षी या प्रश्नाची दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. एक, हा भारतीयांचा विजय होता. गोऱ्या पलटणींच्या हातून साखळी पहिल्यांदा सुटली होती. मोहन बागानवर प्रेम करणाऱ्या अनेकांनीही त्याचं स्वागत केलं. दुसरं, हा मुसलमानांचा विजय होता. शिक्षणात, नोकऱ्यांत, शहराच्या प्रतिष्ठित जीवनात मागे राहिलेल्या एका समाजाला पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत पहिला नंबर मिळाला होता. या दोन उत्तरांत भांडण असण्याचं कारण नव्हतं. १९११ साली मोहन बागानचा विजय साजरा करणाऱ्या मुसलमानांना ते भांडण दिसलं नव्हतं. १९३४ साली मोहमेडनला टाळ्या देणाऱ्या हिंदूंनाही ते दिसलं नाही.

हा प्रश्न मला जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. मी जन्मापासून मराठी बोलतो, मराठीत कविता लिहितो. माझ्या आईची अंगाईही मराठीच होती. तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की माणूस एका वेळी एकाच रकान्यात बसतो. मी त्यांना हसून सांगतो, 'तुमचं जसं चांगलं आहे, तसंच.' मोहमेडनच्या १९३४ च्या संघाला कुणी असा प्रश्न विचारला असता, की तुम्ही मुसलमान म्हणून जिंकलात की भारतीय म्हणून, तर त्यांनी बहुधा चिखलानं भरलेले बूट दाखवले असते.

दुर्दैवानं प्रश्न विचारणारे वाढत गेले. १९३२ साली जातीय निवाडा जाहीर झाला होता. १९३५ चा कायदा आला, १९३७ च्या निवडणुका झाल्या. मतदारसंघ धर्मावर वाटले गेले, मग टाळ्याही वाटल्या जाऊ लागल्या. क्लबच्या कारभारात ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्यासारखे मुस्लिम लीगचे मातब्बर पुढारी होते. हेच नाझिमुद्दीन पुढे पाकिस्तानचे पंतप्रधान झाले. मोहमेडनच्या विजयात त्यांना मतं दिसत होती, यात शंका नाही. दुसरीकडे, मोहमेडनचा पराभव म्हणजेच आपला विजय असं मानणारेही गॅलरीत वाढले. सामन्यानंतर हाणामारी व्हायला लागली. दोष एका बाजूला टाकून मोकळं होता येईल, असं मला वाटत नाही. क्लब आपल्या नावाच्या कुंपणातून बाहेर आला नाही आणि शहरानं ते कुंपण आणखी उंच केलं.

तरी त्या काळातही मैदानाचं गणित राजकारणाच्या गणिताइतकं सरळ नव्हतं. १९३९ साली फुटबॉल संघटनेच्या कारभाराविरुद्ध मोहमेडननं साखळीतून अंग काढून घेतलं, तेव्हा त्यांच्या बरोबर कोण बाहेर पडलं? ईस्ट बंगाल आणि कालीघाट. म्हणजे ज्यांचे पाठीराखे बहुतांश हिंदू होते असे क्लब. त्या वर्षी मोहन बागाननं आपलं पहिलं साखळी अजिंक्यपद मिळवलं. पुढच्या वर्षी मोहमेडन परत आला आणि पुन्हा पहिला आला.

ते १९४० साल मोहमेडनच्या वैभवाचं शिखर म्हणावं लागेल. साखळी तर जिंकलीच, शिवाय दिल्लीत ड्युरँड कप जिंकला. १८८८ पासून चालत आलेली ही स्पर्धा लष्करी संघांची मक्तेदारी होती. अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक हरवून मोहमेडन ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत येऊन त्यांनी रोव्हर्स कपही नेला.

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर एक आठवण करून द्यायला हवी. धर्मावर संघ पाडण्याचा प्रकार एकट्या कलकत्त्याचा नव्हता. मुंबईत क्रिकेटची चौरंगी आणि पुढे १९३७ पासून पंचरंगी स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा संघांतच खेळली जाई. मरीन लाइन्सला हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि पारशी जिमखाना आजही शेजारी शेजारी उभे आहेत. १९४० साली गांधीजींनी या पंचरंगीला विरोध केला. पण लक्षात घ्या, 'हिंदू' संघातही सगळे एका पंक्तीत नव्हते. पळवणकर बाळू यांच्यासारख्या अव्वल गोलंदाजाला जातीमुळे संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं, आणि तेही झगडूनच. नावाच्या पाटीआड अशी किती कुंपणं असतात!

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, मी कॉलेजात असताना, मित्रांबरोबर कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहायला जात असे. एका सामन्याला माझ्या एका बाजूला मदनपुऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ बसले होते आणि दुसऱ्या बाजूला संपात गिरणी गमावलेले लालबागचे एक काका. समोर मोहमेडन खेळत होता. वृद्ध गृहस्थ प्रत्येक चालीला अल्लाचं नाव घेत होते. काका मोहमेडनच्या विरुद्ध होते, मोठ्यांदा होते. पण मोहमेडनच्या एका पोरानं उजव्या बगलेवरून तीन जणांना चकवून जो क्रॉस दिला, त्याला पहिली शिट्टी काकांनी घातली. 'खेळ बघा हो चाचा, खेळ!' असं म्हणून त्यांनी शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे केली. इतिहासाच्या पुस्तकात असल्या पुडीची नोंद होत नाही. पण मैदानावर ती अनेकदा पुढे केली गेलेली आहे, कलकत्त्यातही केली गेली असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

१९४६ च्या १६ ऑगस्टला कलकत्त्याच्या त्याच मैदानावर, ऑक्टरलोनी स्मारकापाशी, मुस्लिम लीगची प्रचंड सभा भरली. त्यानंतर शहरात जे हत्याकांड झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी आय.एफ.ए. शील्ड खेळली गेली नाही. वर्षभरात देश फाळला गेला. मोहमेडनचे पुढारी, पाठीराखे, अनेक खेळाडू सीमेपलीकडे गेले. जादूगार समद पूर्व पाकिस्तानात पार्वतीपूरला जाऊन राहिले आणि १९६४ साली तिथेच वारले. ज्या माणसाच्या खेळाला कलकत्त्यानं डोक्यावर घेतलं, त्याची कबर कलकत्त्याला परदेशात शोधावी लागते.

त्यानंतर मोहमेडन संपायला हवा होता. तसं झालं नाही. फाळणीनंतर अवघ्या एका वर्षात, १९४८ साली, त्यानं पुन्हा साखळी जिंकली. मग १९५७, १९६७ आणि १९८१. दरम्यान त्यानं आपलं कुंपणही काढून टाकलं. १९८० साली सुरजित सेनगुप्ता, भास्कर गांगुली यांच्यासारखे नामवंत खेळाडू त्याच काळ्या-पांढऱ्या सदऱ्यात खेळले आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे चाळीस वर्षांचा दुष्काळ पडला. तो २०२१ साली संपला, तेव्हा निर्णायक गोल मारणारा मार्कस जोसेफ हा त्रिनिदादचा होता. २०२२ आणि २०२३ मध्येही साखळी त्यांनीच घेतली.

आणि इतिहासाची गंमत पाहा. २०२४ साली मोहमेडनला आय-लीग जिंकून देशाच्या सर्वोच्च श्रेणीत, इंडियन सुपर लीगमध्ये, बढती मिळाली. बरोबर नव्वद वर्षांनी तोच क्लब पुन्हा एकदा वरच्या वर्गात नवा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. या खेपेला तो पहिला आला नाही. हंगाम संपला तेव्हा तो तक्त्यात सगळ्यांत खाली होता. बढती मिळालेल्या संघाचं बहुधा असंच होतं. १९३४ चं मोठेपण यामुळे आणखी उठून दिसतं.

मला या गोष्टीतून एवढंच म्हणायचं आहे. संघ सामना जिंकतो, पण त्या विजयाचं आकारमान संघ ठरवत नाही. ते आपण बघणारे ठरवतो. १९३४ च्या पावसाळ्यात चिखलातून पाय रोवून उभ्या राहिलेल्या त्या अकरा जणांनी जे मिळवलं, ते एका गल्लीचं, एका जमातीचं आणि एका देशाचं, असं तिन्ही एकाच वेळी होतं. काही काळ लोकांनी ते तसं मानलंही. मग आपणच त्याची वाटणी केली, आणि वाटणीत कुणाच्याच हाती पूर्ण विजय लागला नाही. पुढच्या वेळी कुणी नवा, अनपेक्षित विद्यार्थी पहिला येईल, तेव्हा त्याचं आडनाव विचारण्याआधी आपण त्याची उत्तरपत्रिका वाचली, तरी पुष्कळ होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)